सीमेवरच्या एकसारख्या खांबांचे २७६ फोटो: यात कला कुठे आली?

प्रश्न असा होता: डेव्हिड टेलर या अमेरिकन छायाचित्रकाराने अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या २७६ खांबांचे जवळपास एकसारखे फोटो काढले. हे तर सर्व्हे खात्याचं काम झालं, याला फाइन आर्ट का म्हणायचं? आणि आपल्याकडे असं काही होऊ शकेल का?

प्रश्न थोडा खवचट आहे, पण सर्व्हे खात्याचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात झाली, भूकरमापक म्हणून. हद्दीच्या दगडाकडे अलिप्तपणे बघणं मला जमत नाही.

आधी खांबांबद्दल. १८४८ च्या तहात मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपास मुलूख अमेरिकेकडे गेला, पुढे १८५३ च्या खरेदीव्यवहारात आणखी एक पट्टा गेला. टेक्सासमधल्या एल पासोपासून पॅसिफिक महासागरापर्यंतची जमिनीवरची सीमा सुमारे १,१०० किलोमीटर, आणि पहिल्या मोजणीत तिच्यावर खुणा उभ्या राहिल्या फक्त ५२. मग त्या माळावर खाणी निघाल्या, गुरंवाले आले, वस्त्या झाल्या. खुणा पडल्या, काही गायब झाल्या. पुढचं मला सांगायची गरज नाही. ज्याच्या गावात एक तरी बांध कोरणारा शेजारी आहे त्याला कळेल. शेवटी दोन देशांनी मिळून ‘हद्द कायम’ मोजणी करून घेतली. १८९२ ते १८९५ दरम्यान संयुक्त आयोगाने २५८ खांब उभे केले, दोन खांबांत ८ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही असा नियम. बरेचसे लोखंडी, पुरुषभर उंचीचे, वर निमुळते. एका अंगाला इंग्रजीत आणि दुसऱ्या अंगाला स्पॅनिशमध्ये ताकीद: हे स्मारक पाडणं किंवा हलवणं गुन्हा आहे. पुढे मधल्या गाळलेल्या जागी आणखी खांब बसवले आणि आकडा २७६ झाला.

पॅसिफिकच्या काठावरचा २५८ नंबरचा खांब तर संगमरवरी. मूळचा तो पहिल्या मोजणीतला पहिला खांब, १८५१ चा. सहलीला येणारे लोक आठवण म्हणून त्याचे टवके काढून नेत. इतके, की तो नव्याने तासून त्याभोवती कुंपण घालावं लागलं. सीमेवरचं हे कुंपण खांबाला माणसांपासून वाचवायला होतं!

त्या आयोगासोबत डी. आर. पेन नावाचा छायाचित्रकार होता. त्याने प्रत्येक खांबाचा फोटो काढला. तो सरळसरळ पंचनामा: खांब अमुक जागी, अमुक स्थितीत आढळला. सर्व्हे खात्याचं काम म्हणता ते हेच, आणि ते १८९० च्या दशकातच झालं होतं.

टेलरने २००७ मध्ये तोच पंचनामा पुन्हा काढायला घेतला. खांब चौकटीत मधोमध, समोरून, कसलीही करामत नाही. एक फोटो सुटा पाहिलात तर तुम्हाला कंटाळाच येईल, ते मी मान्य करतो. ओळीने तीस-चाळीस पाहिले की नजर खांबावरून सुटते आणि आजूबाजूला फिरायला लागते. ओसाड डोंगर, मग गाव, मग पोलादी भिंत. २००६ च्या कायद्यानंतर अमेरिकेने शेकडो मैल कुंपण घातलं ते नेमकं याच वर्षांत. म्हणजे फोटो काढता काढता समोरचा देखावाच बदलत होता. टेलर कधी एकटा हिंडला, कधी सीमा गस्ती दलाच्या माणसांबरोबर, आणि वाटेत त्याला स्थलांतरितही भेटले आणि तस्करही.

एक गोष्ट माझ्या धंद्याच्या नजरेने सांगतो, फोटोत ती स्पष्ट दिसते. कुंपण हद्दीवर नाहीच. ते पुष्कळ ठिकाणी काही फूट आत, अमेरिकेच्या जमिनीत आहे. त्यामुळे खांब कुंपणाच्या दक्षिणेला पडलाय. कायद्याने जी रेघ, ती खांबावरून जाते. माणसाला अडवणारी रेघ वेगळीच. नकाशावर दोन्ही एकच वाटतात. त्या दोन रेघांमधली चिंचोळी जमीन फोटोत दिसते तेव्हा पेनच्या पंचनाम्यात नसलेलं काहीतरी टेलरने नोंदवलेलं असतं. कला मला तिथे दिसते.

त्याचं दुसरं काम मला कल्पना म्हणून याहून आवडतं, फोटो म्हणून कमी. २०१४ मध्ये मेक्सिकोतल्या तिहुआना शहराचा कलाकार मार्कोस रामिरेझ ‘एर्रे’ आणि टेलर व्हॅन घेऊन निघाले आणि १८२१ मधली मेक्सिकोची उत्तर सीमा त्यांनी जमिनीवर आखली. मेक्सिको स्पेनच्या ताब्यात असताना, स्पेन आणि अमेरिका यांच्या १८१९ च्या तहात ही सीमा ठरली होती, पण तिची मोजणी कधी झालीच नाही. पॅसिफिकपासून ४२ अक्षांशावरून पूर्वेला, मग नद्यांच्या काठाने मेक्सिकोच्या आखातापर्यंत या दोघांनी पत्र्याचे ४७ खांब उभे केले. त्या ४२ अक्षांशावर आजही कॅलिफोर्निया, नेवाडा आणि युटाची उत्तर हद्द आहे. रेघ जागेवरच आहे, फक्त एके काळी तिच्या दक्षिणेला मेक्सिको होता हे तिथे राहणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसतं. खूणच कधी बसली नाही, तर आठवणार तरी कशावरून?

आता आपल्याकडचं. फाळणीच्या रेषेवर बरेच जण काम करतात, ते सोडून द्या. मी सुचवेन इंग्रजांची जकातरेषा. मिठावरचा कर बुडू नये म्हणून सिंधू नदीपासून बुऱ्हाणपूरवरून पार महानदीकडे गेलेली, सुमारे २,३०० मैलांची, १२,००० च्या आसपास माणसांचा पहारा असलेली. मोठ्या पट्ट्यात तर चक्क काटेरी झाडांचं कुंपण वाढवलेलं. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम त्याआधी याच जकात खात्याचे आयुक्त होते आणि कुंपण त्यांच्या काळात जोमाने वाढलं. १८७९ मध्ये रेषा बंद झाली, कुंपण सोडून दिलं, आणि दोन-तीन पिढ्यांत लोक विसरले. बुऱ्हाणपूर जळगावकरांना लांब नाही. कुणी कॅमेरा घेऊन निघणार असेल तर जुने नकाशे वाचून जागा शोधायला मी येईन, जेवणखर्च माझा मी करेन.