टाइम ऑफिसातून : "बाटली लावली का?"

मागच्या महिन्यात मी या पानावर सहज लिहून गेलो की आजारपणाच्या सुट्टीबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि मग जे काय मेसेज सुरू झाले ते अजून थांबले नाहीत. नावं कोणाचीच देत नाही, अर्ध्या लोकांचे साहेब हाच अंक वाचतात. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात २९ वर्षं काढली. हजेरी, खाडे, रजेचे अर्ज, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सगळं माझ्याच टेबलावरून जायचं, त्यामुळे या विषयात खोटं किती आणि खरं किती याचा थोडा अंदाज आहे.

प्रश्न : काका, मी जळगावात एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे, वय २६. मार्च एंडला ताप आला, दोन दिवस तसाच गेलो, तिसऱ्या दिवशी उठताच येईना म्हणून सरांना मेसेज टाकला. तो मेसेज मी आठ वेळा लिहिला आणि खोडला. निळी टिक आली, रिप्लाय नाही, मग दिवसभर मोबाईल हातात, झोप नाही काही नाही. चौथ्या दिवशी गेलो तर सर म्हणे "काय मग, झाला का आराम?" आणि सगळे हसले. रिपोर्टमध्ये नुसता व्हायरल निघाला होता, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं की टायफॉइड का नाही निघाला. असं वाटणं नॉर्मल आहे का?

उत्तर : नॉर्मल आहे रे भो, आपल्याकडे तर एकदम नॉर्मल आहे. कारण आपल्याकडे आजाराला दर्जा असतो. सर्दी-खोकला म्हणजे काहीच नाही, पोट बिघडलं तर लोक हसतात, कंबर दुखते म्हटलं की "आमची रोजच दुखते", ताप असेल तर कुठे निम्मं खरं, आणि सलाइन लागली की मग पूर्ण माणूस आजारी. माझ्या टेबलासमोर कोणी सुट्टी सांगायला आला की मागच्या खुर्चीवरून आमचा हेडक्लार्क विचारायचा, "बाटली लावली का?" लावली असेल तर पुढे प्रश्न नाही. नंतर मोबाईल आले तर लोक हाताला सुई लावलेला फोटोच पाठवायला लागले, चेहरा नाही, फक्त हात आणि बाटली. त्या अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये असतं काय, पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. ज्याला तोंडाने पाणी, पेज, ओआरएस जातंय त्याला साध्या व्हायरलमध्ये बहुतेक वेळा तिची गरज नसते, पण साडेचार ग्रॅम मिठाने रजा पास होते म्हणून माणूस डॉक्टरांच्या मागे लागून लावून घेतो, आणि डॉक्टर पण कंटाळून लावतात. तुला टायफॉइड हवा होता तो याच्यासाठीच, पुरावा पाहिजे होता. आजार नको होता तुला.

दुसरी गोष्ट "अंगावर काढणं". हा शब्द आपण कौतुकाने वापरतो, "काय माणूस, तीन दिवस ताप अंगावर काढला पण कामावर आला." तू पण दोन दिवस काढलाच ना. आता जरा आठव, त्या दोन दिवसांत तुझ्या शेजारच्या टेबलावरचा, तुझ्या कपातून चहा वाटून घेणारा, नंतर कोण कोण आजारी पडलं? फ्लूसारखा व्हायरल लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून ते पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला लागू शकतो, आणि सगळ्यात जास्त पहिल्या तीन-चार दिवसांत. म्हणजे ज्या दिवसांत तू हिरो होतास तेच दिवस वाटपाचे होते, आणि एक दिवस घरी बसलास त्यावर सगळे हसले.

आता मेसेजचं. आठ वेळा खोडलास कारण तू परवानगी मागत होतास. आजारपण कळवायचं असतं. तीन गोष्टी लिही, काय झालंय, कधीपर्यंत येणार नाही, आणि अर्धवट काम कुठे ठेवलंय. "सर, १०२ ताप आहे, आज-उद्या येत नाही, पाटलांची फाईल माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे." बस. "शक्य झाल्यास कृपया" वगैरे लावलं की समोरच्याला वाटतं यात घासाघीस करायला जागा आहे. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण मार्च एंडला साहेबांना राग तुझ्या तापाचा नसतो, फाईल सापडत नाही त्याचा असतो. आणि निळी टिक आली म्हणजे कळलं, मग मोबाईल दुसऱ्या खोलीत. "झाला का आराम"ला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नको, "हो सर, आता बरं आहे" म्हण आणि खुर्चीत बस.

प्रश्न : मी चटईच्या कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला आहे, पगार १५ हजार. जुलैत सहा दिवस चिकनगुनियाने पडलो, सहाचे सहा खाडे धरले. सुपरवायझर आमच्याच गावाकडचा, तो म्हणे "इतलासा तापले कोनी सुट्टी टाकस का रे भो?" (एवढ्याशा तापाला कोणी सुट्टी टाकतं का?) पगाराच्या स्लिपवर ईएसआयसी म्हणून ११३ रुपये कापतात, ते कशाचे?

उत्तर : ते ११३ रुपये याच सहा दिवसांचे आहेत भाऊ! दर महिन्याला स्वतःच्या आजारपणाचे पैसे भरतोस आणि आजारी पडल्यावर खाडा घेऊन गप्प बसतोस. हे पत्र वाचून मला सगळ्यात जास्त चीड आली, आणि थोडी स्वतःची पण, कारण टाइम ऑफिसात असताना मी पण हे कोणाला आपणहून सांगितलं नाही, विचारलं तरच सांगायचो.

ईएसआयसी म्हणजे सरकारची कामगार विमा योजना, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी. तुझे पाऊण टक्का म्हणजे ११२ रुपये ५० पैसे, वरचा रुपया करून ११३, आणि मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे तुझ्या पगारावर ४८८ च्या आसपास. ठेकेदाराचा माणूस असलास तरी लागू. सहा महिन्यांच्या हप्त्यात निदान ७८ दिवस भरलेले असले की पुढच्या ठरलेल्या सहा महिन्यांत आजारपणात रोजाच्या ७० टक्के पैसे मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. एप्रिल ते सप्टेंबर भरलं की फायदा जानेवारी ते जून, असं ते चालतं, म्हणून नवीन माणसाला नऊएक महिने थांबावं लागतं. पहिले दोन दिवस सोडून देतात. तुझा रोज पाचशे धरला तर सत्तर टक्के साडेतीनशे, सहातले चार दिवस, म्हणजे १४०० रुपये. फार नाहीत, पण हक्काचे आहेत, आणि पैसे थेट तुझ्या खात्यात येतात, ठेकेदाराच्या हातात नाही.

अट एकच, आणि इथेच सगळे फसतात. दाखला ईएसआयच्या डॉक्टरचा लागतो. गल्लीतल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथे चालत नाही असंच समज, आणि पहिल्याच दिवशी जायचं, बरं झाल्यावर नाही. स्लिपवर दहा आकडी विमा नंबर असेल तो लिहून ठेव, उमंग ॲपवर पैसे खरंच भरलेत का ते पण दिसतं. कापलेले दिसतायत आणि भरलेले दिसत नाहीत असं असेल तर परत लिही, मग तो वेगळा विषय आहे. सुपरवायझरला काही बोलू नको, त्याचे पण ११३ जात असतील आणि त्याला पण माहीत नसेल.

प्रश्न : माझ्या मिस्टरांनी १४ वर्षांत एक सुट्टी घेतली नाही. भिंतीवर शंभर टक्के हजेरीची सर्टिफिकेटं आहेत. ताप असला तरी गोळी खाऊन जातात, घरी आले की आडवे, मग मी आणि मुलं आजारी. काही बोललं की म्हणतात हजेरीचा बोनस जाईल. (अमळनेर)

उत्तर : ताई, मी गुन्हेगार आहे, असली सर्टिफिकेटं मीच टाईप करायचो. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर वाटायची, सोबत स्टीलचा डबा. आमच्याकडे एक फिटर होता, चार वर्षं ओळीने त्याचंच नाव. २०२३ च्या पावसाळ्यात सगळ्या महाराष्ट्रात डोळे आले होते आठवतं का, मी तेव्हा रिटायरमेंटला आलेलो, तर हा काळा गॉगल लावून कामावर. डोळे नुसत्या बघण्याने येत नाहीत हे खरं, पण हात डोळ्याला, मग पान्याला, मग तोच पाना दुसऱ्याच्या हातात. पंधरा दिवसांत अर्धी शिफ्ट गॉगलमध्ये, आणि ज्यांना आले ते प्रामाणिकपणे घरी बसले म्हणून त्यांचा हजेरी बोनस गेला. याचा नाही गेला. त्या जानेवारीत मी त्याच्या नावाचं सर्टिफिकेट टाईप केलं तेव्हा हात जरा अडखळला, पण केलं. साहेबांना सांगून बघितलं, म्हणाले नियम म्हणजे नियम.

तुमच्या मिस्टरांचा बोनस किती आणि घरात चार जण आजारी पडल्यावर डॉक्टर-औषधाला किती जातात, हा हिशोब एकदा कागदावर मांडून सर्टिफिकेटांच्या शेजारी चिकटवा. बोलून काही होणार नाही, असल्या माणसांना आकडे दिसले तरच दिसतात.

प्रश्न : भुसावळला कपड्याचं दुकान आहे, पाच पोरं कामाला. त्यातला एक पंधरा दिवसांतून एकदा तरी सोमवारी पोट दुखतं म्हणून दांडी मारतो. डॉक्टरचं सर्टिफिकेट कंपल्सरी करू का?

उत्तर : करू नका शेठ. सर्टिफिकेटने एवढंच कळतं की त्याच्याकडे डॉक्टरची फी होती. आमच्याकडे पण एक सोमवारवाला होता, सगळे म्हणायचे रविवारी पितो. एक दिवस मी नुसतं चहाला नेऊन विचारलं तर निघालं की तो सोमवारी सावद्याला केळीच्या गाड्या भरायला जायचा, कारण तिथला एका दिवसाचा रोज आमच्या दीड दिवसाएवढा. पोट दुखत होतं हे एका अर्थी खरंच होतं म्हणा. तर आधी विचारा, गल्ल्यावर सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन.

आणि एक सांगा, तुमच्याकडे पगारी सुट्टी आहे का? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकान कायद्याप्रमाणे मोठ्या दुकानांना वर्षाला ८ किरकोळ रजा पगारी द्याव्या लागतात, आजारपणाची म्हणून वेगळी रजा त्यात पण नाही. तुमच्या पाच माणसांना तो नियम लागू नाही, तरी स्वतःहून द्या. ज्याला एकही सुट्टी नाही तो खोटंच बोलणार, दुसरा रस्ता ठेवलाय कुठे. फक्त उरलेल्या सुट्ट्यांचे दिवाळीला पैसे देतो असं म्हणू नका, नाहीतर तापात पण पोरं साड्यांच्या घड्या घालत बसतील, वरच्या ताईंच्या मिस्टरांसारखी.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यात झेडपी शाळेवर शिक्षिका आहे. सगळ्या सीएल (किरकोळ रजा) संपल्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चार दिवस माहेरी जायचंय. मेडिकल टाकू का? सगळेच टाकतात.

उत्तर : नका टाकू मॅडम. मेडिकल टाकलं की हजर होताना फिटनेस आणावं लागतं, म्हणजे एका खोट्याला दोन कागद, आणि झोक्यावरचा फोटो तुमची बहीण स्टेटसला ठेवणारच. शिवाय तोटा आहे. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते, मेडिकलवर पूर्ण पगारी करून घेतली की खात्यातून दुप्पट जाते, चार दिवसांना आठ. उद्या खरंच ऑपरेशन निघालं तर तीच कमी पडते. त्यापेक्षा सरळ अर्धवेतनी मागा, ती खासगी कामासाठी पण घेता येते, मंजूर करणं साहेबांच्या हातात. चार दिवसांचा अर्धा पगार जाईल. माहेरच्या आखाजीला तेवढं चालतं. एक शिक्षक खोटं मेडिकल टाकतो ना, त्याच्यामुळे पुढच्या खऱ्या आजारी शिक्षकाकडे साहेब संशयाने बघतो, हे मी कारखान्यात रोज बघितलंय.

प्रश्न : पाचोऱ्याला घरून काम करतो, कंपनी पुण्याची. ताप आहे सांगितलं तर मॅनेजर म्हणतो "घरीच आहेस ना, लॅपटॉप फक्त जवळ ठेव." आमचा जर्मनीचा क्लायंट मात्र आजारी पडला की मेल येतो, सोमवारी भेटू, आणि गायब.

उत्तर : त्याच्याकडे कायदा आहे, आजारपणात सहा आठवडे मालकाने पूर्ण पगार द्यायचा, म्हणून त्याला बाटली दाखवावी लागत नाही. तुझ्याकडे कंपनीची सिक लीव्ह असेलच, ऑफर लेटरमध्ये बघ किती आहेत, आणि सिस्टीममध्ये टाक, तोंडी सांगू नको. तोंडी सांगितलेली सुट्टी घरून काम करणाऱ्याची कधीच धरत नाहीत. एकदा टाकली की लॅपटॉप आईकडे दे, म्हणावं कपाटात ठेव. पासवर्ड तिला माहीत नाही आणि चावी तुला माहीत नाही, दोन दिवस असंच राहू दे.