फाशी गेलेल्या खुन्याचा आत्मा सूड घ्यायला परत येतो, अशी कादंबरी लिहितोय. पहिल्याच प्रकरणात दिवे जातात, दारं आपटतात, भिंतीवर रक्ताने नाव उमटतं, तरी वाचणाऱ्यांना भीती वाटत नाही. काय कमी पडतंय?

आधी एक सांगा, हा सूड कोणावर उगवतोय? बळी गेलेल्या माणसाचं भूत आलं की वाचक मनातून त्याच्याच बाजूने असतो. खुन्याचं भूत आलं की सगळंच उलटं. त्याच्या यादीत कोण? पकडणारा फौजदार, ओळख परेडमध्ये बोट दाखवणारी बाई, शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. म्हणजे जे खरं बोलले, ज्यांनी आपलं काम चोख केलं, तेच मरणार. या कथाप्रकारातली खरी दहशत ही आहे. आपटणारी दारं कुठल्याही भुताला चालतात.

दुसरं म्हणजे ओळख. हा तोच आहे, हे वाचकाला पटणार कशाने? विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या 1983 सालच्या 'लीजन'मध्ये याची फार देखणी युक्ती आहे (कादंबरी वाचायची असेल तर हा परिच्छेद सोडा). कित्येक वर्षांपूर्वी मेलेल्या खुन्याच्या पद्धतीने नवे खून पडू लागतात. पण तो मृतदेहावर जी खूण सोडायचा, तिच्याबद्दल पोलिसांनी वर्तमानपत्रांना मुद्दाम चुकीची माहिती दिलेली असते, खोटे कबुलीजबाब ओळखता यावेत म्हणून. आणि नव्या मृतदेहांवर सापडते ती खरी खूण. झालं, नक्कल करणारा बाद! तपास अधिकारी किंडरमनच्या पायाखालची जमीन सरकते ती कागदोपत्री पुराव्याने, किंकाळीने नव्हे. झोडियाक या खऱ्या खुन्यानेही 1969 साली सॅन फ्रान्सिस्को भागातल्या वर्तमानपत्रांना पत्रं पाठवली, तेव्हा गोळ्या कोणत्या बनावटीच्या, मृतदेह कसा पडला होता, असले तपशील देऊनच आपण तोच असल्याचं पटवलं होतं. (तो शेवटपर्यंत सापडला नाही, ते वेगळं.)

तेव्हा तुमच्या खुन्याला एक सवय द्या, भडक नको, क्षुल्लकच. समजा, तो बळीचे हात बांधताना गाठ उलटी मारायचा आणि सुटं टोक दोनदा आत खोचायचा. ही गोष्ट फक्त एका हवालदाराला माहीत, कारण त्या गाठी त्यानेच सोडवल्या होत्या. आता तो निवृत्त झालाय. नातू शाळेला निघालाय, बुटाची नाडी स्वतःच बांधतोय. आजोबा कौतुकाने वाकून बघतात. गाठ उलटी. टोक दोनदा आत. "कोणी शिकवलं रे?" पोरगं मान वर करून नुसतं हसतं. यात ना रक्त, ना दिवे गेले.

पण हा आत्मा काहीही करू शकत असेल तर सगळं मुसळ केरात. त्याला बंधनं घाला. तो अंगात शिरतो तर कोणाच्या, किती वेळ, आणि तो निघून गेल्यावर त्या माणसाला काय आठवतं, हे तुम्हाला पहिल्या पानापासून ठाऊक हवं. वाचकाला मात्र ते हप्त्याहप्त्यानेच कळू द्या.

त्स्वेतान तोदोरोव या समीक्षकाने 1970 मध्ये मांडलं होतं की अद्भुत साहित्य जगतं ते वाचकाच्या दोलायमान अवस्थेवर, म्हणजे याला नैसर्गिक कारण आहे की नाही हे ठरत नाही तोवर. तुम्ही तर पहिल्याच प्रकरणात भिंतीवर नाव लिहून निकाल लावून टाकलात. ते प्रकरण काढा. निम्मी कादंबरी तरी नक्कलखोराचा संशय जिवंत ठेवा, आणि तो संशय घेणारा पोलीस मूर्ख दाखवू नका. त्याचं म्हणणं आपल्यालाही पटलं पाहिजे.

आणि मांत्रिक! शेवटून दुसऱ्या प्रकरणात येऊन सगळं समजावून सांगणारा मांत्रिक शक्यतो आणूच नका. आणावाच लागला तर त्याला अर्धवटच माहीत असू द्या, आणि त्या अर्धवट माहितीपायी एखादा जीव जाऊ द्या.