मन खचलेलं असताना जप कसा धरावा

माउली, मन खचलेलं असताना पहिल्याच दिवशी अकरा माळांचा नेम धरू नका. चार दिवसांत तो मोडतो आणि वर अपराधीपणाची भर पडते. एकच माळ: १०८ मणी, ‘रामकृष्णहरी’, सावकाश म्हटलं तरी पाच-सहा मिनिटं. (गळ्यातली तुळशीची माळ वेगळी, जपाची वेगळी.)

माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, मणी अंगठ्याने ओढायचा, तर्जनी लांब. मेरुमणी (माळेच्या टोकाचा वेगळा मणी) ओलांडायचा नाही. माळ फिरवून उलट निघायचं. मन सैरभैर असेल तर मनातल्या मनात जप टिकत नाही, विचार त्यावर स्वार होतात. तेव्हा स्वतःला ऐकू येईल इतपत ओठ हलवून म्हणा. मणी सुटला तर पहिल्यापासून नको, आहे तिथून पुढे.

रडू आलं तर येऊ द्या. विठोबाशी भांडायचीही आपल्याकडे जुनी रीत आहे; तुकोबा आणि जनाबाई दोघांनीही त्याला खडसावलंय. एकट्याने जमेना तर संध्याकाळी देवळातल्या हरिपाठाला मागे उभे राहा, टाळांच्या ठेक्यात आवाज आपोआप मिसळतो. झोप-भूक पंधरवडाभर उडाली असेल तर मात्र जपाबरोबर डॉक्टरही गाठा.