आधी डोळा तपासा, मग छाटणीची तारीख धरा

एप्रिल लागला की द्राक्षपट्ट्यात खरड छाटणीची, म्हणजे नवी काडी वाढवण्यासाठीच्या उन्हाळी छाटणीची, गडबड उडते आणि तिच्याबरोबर चर्चासत्रांचीही. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचे वर्ष बागेच्या वर्षाप्रमाणेच फिरते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणीचे चर्चासत्र, पावसाळ्यात अधिवेशन, पाठोपाठ घड घेण्यासाठीच्या फळछाटणीची चर्चासत्रे आणि शिवारफेऱ्या. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या चारही विभागांतले बागायतदार तिथे येतात आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ समोर बसून उत्तरे देतात. अशा बैठकांत आणि नंतर बांधावर मला वर्षभर जे प्रश्न विचारले गेले, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतो. एक गोष्ट मात्र मनाला लागते. चर्चासत्रात वही भरून टिपणे घेणारा बागायतदार दुसऱ्या दिवशी दुकानात जातो आणि दुकानदाराच्या चिठ्ठीवर पंधरा हजारांचे सामान उचलून आणतो. म्हणून काही गोष्टी मी दोनदा सांगणार आहे.

प्रश्न (निफाड तालुका): थॉमसन वाणाची तीन एकर बाग. काडी जाड, पाने हिरवीगार. फळछाटणीनंतर फुटी चांगल्या निघाल्या, पण निम्म्या फुटींवर घडच नाही. दुकानदार म्हणतो, यंदा खरड छाटणीनंतर लिहोसिन दुप्पट मारा. मारावे का?

नाही. दुप्पट नाहीच, आणि निर्यातीची बाग असेल तर त्या बाटलीला हातही लावू नका.

घड ऑक्टोबरात दिसतो, पण ठरतो मे-जूनमध्ये. खरड छाटणीपासून साधारण 40 ते 60 दिवसांत डोळ्यात (काडीवरच्या कळीत) घड होणार की बाळी (दोऱ्यासारखा तणावा), याचा निकाल लागून जातो. त्या दिवसांत डोळ्याला ऊन हवे, उष्णता हवी आणि मुळाला पाण्याचा थोडा ताण हवा. 2025 चा मे आठवा. ऐन उन्हाळ्यात पाऊस सुरू झाला तो थांबेना, आणि 26 मेला तर मान्सून मुंबईत पोहोचला. आभाळ झाकलेले, बोद (वेलीच्या ओळीचा मातीचा उंचवटा) चिखलात, काडी सुसाट पळतेय. पान हिरवेगार म्हणून आपण समाधानी राहिलो, आणि आत डोळ्यात घडाची बाळी होत होती.

गेल्या हंगामात अशाच एका बागेत गेलो होतो. छाटणीला पंधरा दिवस झालेले. मालक एकेक फूट हाताने उलटून दाखवत होते. जिथे पोपटी घड दिसायला हवा तिथे दोऱ्यासारखी बाळी. "साहेब, काडी बघा की, अंगठ्याएवढी आहे," असे ते तीनदा म्हणाले. काडी खरोखरच तशी होती. शेडमध्ये गेलो तर कोपऱ्यात अकरा बाटल्या. त्यांतल्या तिघींवर नावे वेगळी होती, पण लेबलवर घटक एकच. चार बाटल्यांवर घटक लिहिलेलाच नव्हता. हे सगळे मे-जूनमध्ये दिले गेले होते, पण त्या दोन महिन्यांत एक ओळही फुटी विरळण्यासाठी धरली गेली नव्हती. अंगठ्याएवढी काडी म्हणजे घड नव्हे, ती वाढ आहे. जाड काडीच्या डोळ्यात घड असतोच असे नाही.

लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, वाढ रोखते हे खरे. पण त्याने आभाळ उघडत नाही आणि गर्दीत दबलेल्या डोळ्यावर ऊनही पडत नाही. शिवाय ते काडीत साठून राहते आणि पुढे फळात उतरते. 2010 च्या हंगामात युरोपात आपले कंटेनर याच घटकाच्या अवशेषामुळे अडकले होते. ज्यांच्या घरात त्या वर्षीची पत्रे अजून आहेत, त्यांना विचारा.

मग करायचे काय? फुटी तीन-चार पानांच्या झाल्या की विरळणी करा. एकमेकींवर सावली धरणारी फूट काढा, दया दाखवू नका. सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन, म्हणजे त्यामागून फुटणारी पुढची काडी, घ्या. चाळिसाव्या दिवसाच्या आत नत्र बंद करा, युरियाची गोणी शेडमध्येच राहू द्या. पाणी कमी करा, पालाश वाढवा. 45 व्या दिवशी देठ परीक्षण करा आणि त्या आकड्यावर खत ठरवा. सायटोकायनिन हे संजीवक द्यायचे झाले तर शिफारशीच्या मात्रेत आणि वेळेवर द्या. साठाव्या दिवसानंतर ते मारणे म्हणजे पैसे ओतणे, कारण तोपर्यंत डोळ्याचा निकाल लागलेला असतो. दुकानात मात्र ते जुलैतही "घड वाढवायला" म्हणून विकतात.

आता माझा आग्रह. फळछाटणीच्या आधी डोळे तपासा. सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याचा काप घेतला की कितव्या डोळ्यात घड आहे आणि कितव्यात नाही, हे स्पष्ट दिसते. बऱ्याच बागांत सबकेनच्या गाठीजवळचा डोळा भरलेला असतो आणि आपण सवयीने दोन डोळे पुढे कात्री चालवतो. काही बागांत उलटे असते. हे बाहेरून काडी बघून मलाही सांगता येत नाही, तुम्हालाही नाही आणि दुकानदाराला तर नाहीच. एका फळछाटणीवर मजुरी, पेस्ट आणि फवारण्या धरून किती खर्च होतो ते तुम्हाला माहीत आहे. त्यापुढे डोळे तपासणीचा खर्च काहीच नाही. तरीही दर शिवारफेरीत मी विचारतो, "किती जणांनी डोळे तपासले?" आणि हात मोजायला एक बोट पुरते. वाईट वाटते ते याचे.

प्रश्न (दिंडोरी तालुका): फळछाटणीनंतर डोळे फोडायला हायड्रोजन सायनामाईडचे प्रमाण किती घ्यावे? थंडीत फूट मागेपुढे होते. दुकानदार 60 मिली सांगतो.

60 मिलीने डोळा जळतो. मेलेला डोळा वरून डोळ्यासारखाच दिसतो, म्हणून दहा दिवस कळत नाही. काडीची जाडी आणि तापमान बघून लिटरला 30 ते 40 मिली. बारीक काडीला कमी, जाड काडीला जास्त. छाटणीनंतर 24 ते 48 तासांत पेस्ट करा, आणि ज्या दोन-तीन डोळ्यांतून फूट हवी तेवढ्यांनाच. फूट मागेपुढे होण्याचे कारण बहुतेक वेळा औषध कमी पडले हे नसतेच. छाटणीआधी पानगळ नीट झालेली नसते, काडी कच्ची असते, मुळाशी पाणी नसते. आधी ते बघा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पेस्ट करणाऱ्या मजुरांना रबरी हातमोजे द्या, आणि या औषधाच्या आधी व नंतर काही दिवस दारूचा थेंबही चालत नाही हे त्यांना स्पष्ट सांगा. अंग लाल होते, छाती धडधडते, माणूस दवाखान्यात जातो. टोळीच्या मुकादमाला हे सांगणे तुमचे काम आहे. दुकानदार सांगणार नाही.

प्रश्न (पलूस तालुका): ऑक्टोबरच्या पावसात डाऊनीने (केवडा रोगाने) घड गेले. दर दोन दिवसांनी फवारणी केली, औषधे बदलून बदलून मारली, तरी उपयोग नाही. टाकीत पाच औषधे एकत्र दिली होती.

औषधे बदलली नाहीत, डबे बदलले. डायमिथोमॉर्फ आणि मॅन्डीप्रोपामिड ही दोन नावे, पण कूळ एकच. बुरशीच्या दृष्टीने तुम्ही एकच औषध लागोपाठ चार वेळा मारलेत. तिला त्याची सवय झाली. डब्याचे नाव आणि रंग बघू नका, मागे बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा. आंतरप्रवाही औषध एका हंगामात एका कुळातले दोनदा, त्यापुढे नाही. मधल्या फवारण्या मॅन्कोझेब, मेटिराम यांसारख्या स्पर्शजन्य औषधांच्या, आणि पोटॅशियम फॉस्फोनेट आधीपासून. तीही लेबलवरच्या मात्रेत आणि काढणीपूर्व कालावधी मोजूनच.

पाच औषधांची टाकी हा दुकानदाराचा शोध आहे. पाच औषधे म्हणजे पाच बिले. टाकीत काय फाटते, काय खाली बसते, पानाला काय भाजते, हे त्याला माहीत नसते. बुरशीनाशक एक, फार तर दोन. त्यात टॉनिक नको, त्यात सूक्ष्म अन्नद्रव्य नको. डाऊनी पानाच्या खालच्या बाजूने शिरतो, तिथे औषध पोहोचले नाही तर दर दोन तासांनी फवारले तरी फरक पडणार नाही. आणि गर्द कॅनोपीत (पानांच्या दाटीत) ते पोहोचत नाही. पुन्हा विरळणीवरच आलो.

खरड छाटणीनंतरची 1 टक्का बोर्डो फवारणी मात्र चुकवू नका. 100 लिटरला मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र. द्रावण तयार झाले की त्यात लोखंडी विळा बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा बुडवा. पाते स्वच्छ निघाले की मारा. हा विळा आपल्या आजोबांनाही माहीत होता. तयार बोर्डोची पाकिटे आल्यापासून लोक तो विसरले.

प्रश्न (तासगाव तालुका): मण्याची साईज 18 मिमीच्या पुढे न्यायची आहे. जीएची (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवणारे संजीवक) तिसरी बुडवणी आणि एक "फुगवणीचे" द्रव औषध दुकानदाराने दिले आहे. बाटलीवर घटक लिहिलेला नाही.

घटक लिहिलेला नसेल तर ती बाटली दुकानात परत करा. ते ऐकत नसतील तर बिलासह तालुका कृषी कार्यालयात आणा. बिल नसेल तर मी काहीही करू शकत नाही, म्हणून बिल घ्या. "बायो", "सेंद्रिय", "शंभर टक्के नैसर्गिक" असे लिहिलेल्या बाटल्यांत रासायनिक कीडनाशक निघाल्याची उदाहरणे आहेत, आणि ते तुम्हाला कळते प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडतो तेव्हा. युरोपात ज्या घटकाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला 0.01 मिलिग्रॅम प्रति किलो लागू होते. म्हणजे 100 टन द्राक्षात 1 ग्रॅम. एका चमच्याने सगळा गाव अडकेल इतके ते बारीक आहे.

जीएच्या बुडवण्या दोन. पहिली मणी 3 ते 4 मिमी असताना, दुसरी 6 ते 7 मिमीला. थॉमसन आणि तास-ए-गणेश या वाणांना 40 पीपीएम, म्हणजे 100 लिटरला 4 ग्रॅम शुद्ध जीए. द्रावणाचा सामू (पीएच) 5.5 ते 6. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात सामू 8 असतो, त्यात जीए काम करत नाही, आणि मग माणूस मात्रा वाढवतो. सामू कमी करा, मात्रा नको. तिसऱ्या बुडवणीने मण्याची साल जाड होते, साखर उशिरा भरते, आणि पुढच्या वर्षीचे घडही कमी निघतात. साईज हवी तर घडांची संख्या कमी करा आणि थिनिंग (मण्यांची विरळणी) वेळेवर करा. वेलीवर पन्नास घड ठेवून 18 मिमी मागायचे, हे बाटलीतून मिळत नाही.

निर्यात करणार असाल तर ग्रेपनेटची (निर्यात द्राक्षाचा माग ठेवणाऱ्या प्रणालीची) नोंदणी कृषी विभागाकडे दरवर्षी करावी लागते. फवारणीची वही रोजच्या रोज भरा. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेली वही ओळखू येते.

योजनांबाबत थोडक्यात. हवामान आधारित फळपीक विमा: द्राक्षाची मुदत साधारण ऑक्टोबरच्या मध्याला संपते, त्या वर्षीचा शासन निर्णय बघा. शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी आधीच करून ठेवा. गारपिटीचे संरक्षण वेगळे जोडून घ्यावे लागते. प्लास्टिक आच्छादन: अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. पूर्वी निवड सोडतीने होत असे, आता आधी अर्ज करणाऱ्याला आधी. मंजुरी येण्याआधी काम सुरू केले तर अनुदान मिळत नाही. बाकी कागद कार्यालयात विचारा.

प्रश्न (मोहोळ तालुका): माल बेदाण्याला द्यायचा आहे. डिपिंग ऑईल (घड बुडवण्याचे द्रावण) किती?

लिटरला इथाईल ओलिएट 15 मिली आणि पोटॅशियम कार्बोनेट 25 ग्रॅम. जास्त घेतल्याने बेदाणा लवकर वाळत नाही, चिकट होतो. गोडी 22 ब्रिक्सच्या पुढे गेल्याशिवाय घड तोडू नका. व्यापारी घाई करतो म्हणून 18 ला तोडलेल्या मालाला वजनही बसत नाही आणि रंगही येत नाही.

सोलापूरकरांना एक आठवण करून देतो. सोनाका हा वाण तुमच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्याच बागेतल्या वेलीवरून निवडला. सोलापूर, नान्नज, काळे, यावरून सोनाका. तास-ए-गणेश सांगली जिल्ह्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तसाच निवडला. ज्या पट्ट्यातला शेतकरी वेलीकडे बघून नवीन वाण ओळखू शकतो, त्याने आपल्या बागेचे निदान काउंटरवर बसलेल्या माणसाकडून करून घ्यावे, हे मला पटत नाही.

डोळे तपासणीचा नमुना कसा आणायचा, हे बरेच जण विचारतात. फळछाटणीच्या दहा-बारा दिवस आधी बागेच्या वेगवेगळ्या भागांतून दहा ते पंधरा काड्या काढा. बांधाकडच्या आणि विहिरीजवळच्या टाळा. सबकेनची गाठ काडीत आली पाहिजे. जाड आणि बारीक काड्यांच्या जुड्या वेगळ्या बांधा. ओल्या गोणपाटात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. वाण, खुंट, खरड छाटणीची तारीख आणि गट नंबर चिठ्ठीवर लिहा. त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा मांजरीला पोहोचवा. अहवाल हातात येईपर्यंत छाटणीच्या टोळीला तारीख देऊ नका.