तुसाच्या राखेत करिअर हाय काय?

नमस्कार काका,

खानापूरहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी सिमेंट ब्लॉकमधे भाताच्या तुसाची राख घालून बघायचं म्हणतीय, मिलमधून राखेचं पोतं पण आणलंय, आणि तुम्ही विचारताय की राखेवर कुणाचं पोट भरतंय, त्यापेक्षा सरकारी परीक्षेचा अभ्यास का करत नाही.

काका, करू दे तिला.

नीट जळलेल्या तुसाच्या राखेत 85-90 टक्के सिलिका (वाळूत असतो तोच मुख्य पदार्थ) असते, आणि सिमेंटमधे पाणी पडल्यावर जो चुना सुटतो त्याच्याशी ही सिलिका मिळून ब्लॉकला ताकद देणारा पदार्थ तयार होतो, म्हणून थोडं सिमेंट कमी करता येतं. पण वाट्टेल ती राख चालत नाही. साधारण 600-700 डिग्रीला जळलेली चांगली, भट्टी त्याच्यापेक्षा लई तापली की सिलिकाचे स्फटिक होतात मग ती नीट काम करत नाही, आणि अर्धवट जळली की कोळसा राहतो, राख काळी दिसते, पाणी जास्त पिते. पोत्यातली चिमूटभर हातावर घेऊन बघा, काळी आहे की करडी, बोटाला खरखरीत लागते काय. खरखरीत असली तर दळून घ्यायला लागणार. चाळताना तोंडाला मास्क पाहिजेच, ती धूळ छातीला वाईट.

एक मात्र तिला बजावून सांगा. बिनराखेचे ब्लॉक पण त्याच वाळूत, त्याच दिवशी पाडायचे, शेजारी सिमेंटच्या जागी 10, 15, 20 टक्के राख घातलेले, सगळ्यांना सारखं पाणी मारून 7 आणि 28 दिवसांनी मशीनवर फोडायचे आणि जे आकडे येतील ते वहीत लिहायचे, कमी आलेले पण. नोकरी मिळते ती ह्या सवयीवर, रेडीमिक्स (तयार काँक्रीटच्या) प्लांटला, टेस्टिंग लॅबला, क्वालिटी कंट्रोलला असं नेमकं काम करणारी पोरं लागतात. शिवाय सरकारी जेईच्या (ज्युनियर इंजिनिअरच्या) परीक्षेत काँक्रीटचे प्रश्न असतातच, म्हणजे तुमचा अभ्यास पण सुटत नाही.

डिप्लोमानंतर डीसीईटी (कर्नाटकातली डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन डायरेक्ट बीईच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्याची तयारी आत्तापासूनच करू दे. पुढं बीईला कर्नाटक राज्य विज्ञान तंत्रज्ञान परिषदेकडं कॉलेजमार्फत प्रोजेक्टच्या पैशासाठी अर्ज करता येतो, तेव्हा चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यांतली बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख घ्यायची आणि आत्ताची आकड्यांची वही अर्जाला जोडायची.