18 वर्षांच्या मुलासाठी चार लाखांत सेकंडहँड गाडी: नागपुरात कोणती घ्यावी?

ताई, तुम्ही तीन गाड्या लिहिल्यात. 2019 ची पेट्रोल टियागो, 2018 ची पेट्रोल स्विफ्ट आणि एका डीलरकडची 2013 ची दिल्ली पासिंग डिझेल सेडान, सनरूफसकट. मुलगा पुढच्या महिन्यात 18 पूर्ण करतो, कॉलेज हिंगणा रोडला, बजेट चार लाख, आणि त्याचं मन सेडानवर जडलं आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: टियागो पाहा, पण ती कधी जोरात ठोकलेली नसेल तरच. तिच्यात तसं काही निघालं तर स्विफ्ट. दोन्ही ठोकलेल्या निघाल्या तर आणखी शोधा, बाजारात गाड्या संपून नाही राहिल्या. सेडान सोडा.

मी नागपुरात मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघात झाला की गॅरेजमध्ये जायचं, नुकसान पाहायचं, रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. त्यामुळे कुणी ‘सेफ गाडी कोणती’ असं विचारलं की मला आधी मॉडेलचं नाव आठवत नाही, बॉडी आठवते. सगळे क्रॅश टेस्टचे स्टार विचारतात. स्टार पाहावेतच, पण ते मिळालेत कारखान्यातून निघालेल्या नव्या बॉडीला. तीच गाडी एकदा समोरून आदळली, पुढची चासी वाकली, डेंटरनं साखळी लावून ओढून सरळ केली आणि वरून चकाचक रंग मारला, की तिच्या चार स्टारांना काही अर्थ उरत नाही. धक्का कुठे जिरवायचा आणि कुठे अडवायचा हे त्या पत्र्याच्या घड्यांत आधी ठरवलेलं असतं. एकदा चुरगळलेला पत्रा पुन्हा त्याच हिशेबानं चुरगळत नाही.

तरी स्टारांचं सांगतो, कारण सुरुवात तिथूनच होते. गाड्या आदळवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत टियागोला जानेवारी 2020 मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी 4 स्टार मिळाले. तुम्ही लिहिलेल्या पिढीच्या स्विफ्टला 2018 मध्ये 2, तेही दोन एअरबॅग असताना. 2019 मध्ये वॅगन आरलाही 2. एस-प्रेसोला 2020 मध्ये शून्य. चार लाखांत बसणाऱ्या जुन्या गाड्यांत दोन एअरबॅगवाली पोलो (2014 ची चाचणी) आणि इटिऑस लिवा (2016 ची) यांना प्रत्येकी 4 आहेत. टियागो जमली नाही तर या दोघींकडे जरूर पाहा. इटिऑस कुणाला आवडत नाही, म्हणून ती भावात पडते, आणि चालवायला नवीन असलेल्या पोरासाठी तशीच निरस गाडी चांगली. एक लक्षात ठेवा, 2022 च्या मध्यापर्यंतची चाचणी म्हणजे ताशी 64 किलोमीटरनं फक्त समोरून धडक. त्यामुळे तेव्हाचे 4 स्टार आणि ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या आपल्या देशाच्या भारत एनकॅप चाचणीचे 4 स्टार सारखे धरू नका.

आता ‘2019 ची’ म्हणजे नेमकी कधीची, हे विचारा. आरसीवर बनल्याचा महिना असतो. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून सक्तीचं झालं. ड्रायव्हरची एअरबॅग, मागचा पार्किंग सेन्सर आणि 80 ला टुकटुक करणारा स्पीड अलार्म जुलै 2019 पासून. शेजारच्या सीटची एअरबॅग तर डिसेंबर 2021 संपेपर्यंत सगळीकडे सक्तीची नव्हती. त्यामुळे त्या काळच्या खालच्या व्हेरियंटमध्ये काय आहे हे डीलरच्या तोंडून ऐकू नका. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर ‘एअरबॅग’ असं उमटवलेलं आहे का, ते डोळ्यांनी पाहा. स्विफ्टला 2018 पासून दोन्ही एअरबॅग आणि एबीएस सगळ्या व्हेरियंटमध्ये होते, ही तिची जमेची बाजू.

ठोकलेली गाडी ओळखायला सर्व्हेअर लागत नाही, दिवसाउजेडी अर्धा तास लागतो. बॉनेट उघडा आणि ते धरणाऱ्या बोल्टांकडे पाहा. कारखान्यात बोल्ट बसवून मग रंग मारतात, म्हणून बोल्टाच्या कडांवरचा रंग अखंड असतो. पान्याचे ओरखडे दिसले तर बॉनेट काढलेलं आहे. एवढ्यानं घाबरायचं नाही, कारण सीताबर्डीच्या गर्दीत बंपर-बॉनेटला कुणाचं ना कुणाचं लागतंच. पुढे पाहा ते खालचं: दोन्ही बाजूंचे अप्रन (चाकावरचे आतले पत्रे), रेडिएटर ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी, आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांनी पुढे येणाऱ्या चासीच्या तुळया. तिथे घडी, नवी वेल्डिंग किंवा बाकीच्यापेक्षा ताजा काळा रंग दिसला की ‘धन्यवाद’ म्हणायचं आणि घरी यायचं. मग दारं उघडून चौकटीचं रबर बोटानं थोडं ओढा. आत स्पॉट वेल्डचे गोल ठसे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. एका बाजूला ठसे आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत पुट्टी, याचा अर्थ तो पिलर, म्हणजे छत धरणारा खांब, बदललाय किंवा भरलाय. पिलरला हात लागलेली गाडी फुकट दिली तरी पोराला देऊ नका. रंगाची जाडी मोजणारं मीटर काही मेकॅनिककडे असतं, तेही लावून घ्या.

एअरबॅगच्या बाबतीत बाजारात जी चलाखी चालते ती ठाऊक असू द्या. एअरबॅग फुटली की बॅग, सेन्सरचा कंट्रोलर, बेल्ट, कधी अख्खा डॅशबोर्ड बदलावा लागतो. खर्च इतका येतो की काही जण नुसता डॅशबोर्ड शिवून घेतात आणि एअरबॅगचा दिवा दुसऱ्या दिव्याच्या वायरीला जोडून देतात. म्हणून इंजिन सुरू न करता चावी फक्त ऑन करा. लाल किंवा पिवळ्या रंगाचा एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत एकटाच विझला पाहिजे. लागलाच नाही तर गडबड, विझला नाही तरी गडबड, आणि इंजिन सुरू केल्यावर ऑइलच्या दिव्याबरोबर जोडीनं विझला तर जास्तच गडबड. स्कॅनर लावून कंट्रोलर वाचून घ्या, काम फार खर्चाचं नाही. बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. कडा उसवलेल्या नकोत, झटका दिला की अडकला पाहिजे.

गाडी घरी आली की आपण दोन गोष्टी हमखास करतो. एक, शेजारच्या एअरबॅगच्या बरोबर वर डबल टेपनं गणपती चिकटवतो. बॅग उघडली तर ती मूर्ती थेट समोरच्याच्या तोंडावर येते. बाप्पाला मधल्या भागात, एसीच्या जाळीखाली जागा द्या. दोन, पुढे लोखंडी गार्ड बसवतो. त्यावर 2017 च्या डिसेंबरपासून बंदी आहे, आणि धक्का थेट चासीत गेल्यानं एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेबही चुकतो. घेताना गार्ड असेल तर काढून टाका, आणि तो काहून लावला होता हेही विचारा. कधीकधी त्याच्यामागे वाकलेली पट्टी लपलेली असते.

नागपूरकरांनी आणखी एक पाहायचं: पाणी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर या भागांत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी विमा कंपन्यांनी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीला न परवडणाऱ्या, धरल्या. अशी गाडी भंगाराच्या भावात विकली जाते, पण सगळ्याच काही भंगारात जात नाहीत, काही धुऊन-पुसून पुन्हा उभ्या राहतात. एसी थंड, रंग झकास, आणि सहा महिन्यांनी वायरिंग हिरवं पडायला लागतं. पाण्यात बुडलेल्या गाडीचा एअरबॅग कंट्रोलर भरवशाचा नसतो, कारण तो बहुतेक वेळा खाली, गिअरजवळच बसवलेला असतो. सीटखालच्या रुळांवर गंज, चटईखाली वाळलेला बारीक गाळ, स्टेपनीच्या खड्ड्यात चिखलाची रेघ, पूर्ण ओढलेल्या बेल्टच्या टोकाला डाग, हेडलाइटच्या आत धुकं. गाडीत अत्तराचा फवारा जास्त असेल तर आधी चटई उचला. विम्याचा जुना क्लेम रेकॉर्डही मागा. विकणाऱ्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) सलग वाढत आला असेल तर तो बरा पुरावा.

गाडी पाहायला दुपारीच जा. मेमध्ये 45 अंशांत एसी गार करत असेल तर करतो, सकाळी आठला कुणाचाही करतो. कूलंटच्या डबीत गंजाचा रंग दिसला तर बोरवेलचं पाणी टाकून ती गाडी चालवलेली आहे. टायरवर चार आकडे असतात, 3219 म्हणजे 2019 चा 32 वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, इथल्या उन्हात आणि सिमेंट रोडवर पाच-सहा वर्षांचं टायर मी पोराच्या गाडीत ठेवणार नाही. म्हणून चार लाख सगळे गाडीतच घालू नका. साडेतीनपर्यंतची गाडी पाहा, उरलेल्यात टायर, बॅटरी, सर्व्हिस आणि विमा बसवा.

सेडानबद्दल थोडक्यात. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यामुळे त्या स्वस्तात बाहेर पडतात आणि आपल्याकडे येऊन ‘टॉप मॉडेल’ होतात. दिल्लीच्या आरटीओची एनओसी लागेल, महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागेल, आणि 2013 चं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं म्हणजे 2028 ला संपेल. तिचा तिकडचा इतिहास इथे कुणाला सांगता येत नाही. शिवाय ताकद. समृद्धी महामार्ग शिवमडक्याहून सुरू होतो, म्हणजे हिंगण्याच्या पोट्ट्यांच्या हाकेवर. 120 ची मर्यादा, रिकामा रस्ता, मागच्या सीटवर तीन मित्र. तिथे छोटं, बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन असलेलं बरं. मुलगा रुसेल. त्याला सांगा, सनरूफ त्याच्या पगारातून.

कागदांत ऑनलाइन ‘परिवहन’वर नंबर टाकून मालक, विमा आणि बँकेचा बोजा पाहा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30. आरसी नागपूरच्याच एमएच-31 ची असो, 49 ची की 40 ची, त्यानं भाव बदलू देऊ नका. गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळ आणि मीटरचा आकडाही लिहून घ्या. त्या दिवशी सकाळी विकणाऱ्यानं सिग्नल तोडलेला असला तर चलन कुणाच्या नावावर हा वाद तिथेच मिटतो. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप येतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नाव बदलल्याशिवाय चालत नाही. त्यासाठी 14 दिवसांत अर्ज करा. नो क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याचा असतो, त्यामुळे तेवढा प्रीमियम तुम्हाला वाढवून भरावा लागेल.

ही पुढची गोष्ट फार थोड्या आईबापांना ठाऊक असते. पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा असतो तो आरसीवरच्या मालकाचाच. गाडी तुमच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर ते 15 लाख त्याच्यासाठी नाहीत. एक तर 18 झाल्यावर आणि पक्कं लायसन्स मिळाल्यावर गाडी त्याच्या नावानं घ्या, नाहीतर त्याची वेगळी अपघात पॉलिसी काढा.

आणि हा मधला महिना. 18 पूर्ण होण्याआधी मोटारीचं लर्निंगसुद्धा मिळत नाही. अल्पवयीन मुलानं चालवताना गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ‘गल्लीतच चालवतो’ हे कारण कुठे चालत नाही, माझ्या रिपोर्टमध्येही नाही. तोवर कॉलेजला ॲक्वा लाइननं लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहेच. लर्निंगनंतर किमान 30 दिवस शेजारी लायसन्सवाला माणूस आणि गाडीला लाल ‘एल’ असू द्या. त्या महिन्यात तुम्हीच शेजारी बसा आणि रात्रीचं, पावसातलं, ट्रकच्या मागचं ड्रायव्हिंग तेव्हाच करून घ्या.

टियागोचा बनल्याचा महिना आणि व्हेरियंट इथे टाका, आणि जमलं तर बॉनेटखालच्या त्या पट्टीचा फोटो. पाहून सांगतो.