'डिस्कस अबाऊट' आणि आपला '-वर'

प्रश्न असा आहे: "ऑफिसच्या मेलमध्ये मी लिहिलं होतं, 'वी डिस्कस्ड अबाऊट द डिले अँड आय रिक्वेस्टेड फॉर टू मोअर डेज. प्लीज एक्सप्लेन मी द न्यू प्रोसेस.' साहेबांनी 'अबाऊट' आणि 'फॉर' खोडले आणि 'एक्सप्लेन'पुढे 'टू' घातला. 'टॉक अबाऊट' चालतं, 'आस्क फॉर' चालतं, मग इथेच का चालत नाही? कुठल्या क्रियापदाला काय लावायचं याचा काही नियम आहे का?"

साहेबांनी केलेल्या तिन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत. पण तुमच्या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. तिन्ही ठिकाणी मराठीचं व्याकरण इंग्रजीत उतरलंय, आणि ते ज्या वाटेने उतरतं ती वाट ठरलेली आहे.

अशा अर्थांसाठी मराठीत आपण बहुतेक वेळा एक नाम घेतो आणि त्याला 'करणे' किंवा 'देणे' जोडतो. चर्चा करणे, हल्ला करणे, भर देणे, विनंती करणे, लग्न करणे. मग प्रत्यय येतो तो त्या नामाच्या ओढीने: उशिरावर चर्चा, शहरावर हल्ला, शिस्तीवर भर, मुदतवाढीची विनंती. इंग्रजीतही नाम असलं की असंच होतं. 'अ डिस्कशन अबाऊट द डिले', 'अ‍ॅन अटॅक ऑन द सिटी', 'एम्फसिस ऑन डिसिप्लिन', 'अ रिक्वेस्ट फॉर टाइम' हे सगळं शुद्ध आहे. पण या शब्दांचं क्रियापद झालं की मधला दुवा गळून पडतो: 'डिस्कस द डिले', 'अटॅक द सिटी', 'एम्फसाइझ डिसिप्लिन', 'रिक्वेस्ट टाइम'. आपल्या मनात 'चर्चा' हे नाम असतं, तोंडून 'डिस्कस' हे क्रियापद निघतं, आणि नामाचा प्रत्यय त्याच्यामागोमाग येतो.

हे परकं वाटत असेल तर मराठीतलंच एक थोडं बाजूला पडलेलं क्रियापद बघा: चर्चिणे. "हा मुद्दा सभेत चर्चिला गेला" असं आपण आजही बातमीत वाचतो. "या मुद्द्यावर चर्चिलं गेलं" असं कुणी लिहिलं तर लगेच खटकेल. 'चर्चा' म्हटलं की 'मुद्द्यावर', 'चर्चिला' म्हटलं की नुसता 'मुद्दा'. 'डिस्कशन' आणि 'डिस्कस' यांचं नेमकं हेच आहे. 'डिस्कस' ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा मूळ अर्थ झटकून सुटं सुटं करणे असा होता. आपण 'विषय पिंजून काढला' म्हणतो, 'विषयावर पिंजून काढलं' म्हणत नाही. 'डिस्कस'लाही विषय असाच थेट हाती लागतो. मला स्वतःला ही पिंजण्याची प्रतिमा मनात बसल्यापासून त्या शब्दापुढे 'अबाऊट' लिहावंसंच वाटत नाही.

'मॅरी'चंही तसंच. दमयंतीने नळाशी लग्न केलं, पण दमयंतीने नळाला वरलं. 'मॅरी' हे 'वरणे'च्या जातीचं क्रियापद आहे, म्हणून 'शी मॅरीड हिम', मध्ये 'विथ' नाही. लग्न झालेलं असणं सांगायचं तर 'शी इज मॅरीड टू हिम'. तिथेही आपला '-शी' जागा होतो आणि 'मॅरीड विथ' लिहिलं जातं. खोलीत प्रवेश केला म्हणताना 'एंटर्ड इंटू द रूम' येतं तेही '-त'मुळे. खरं म्हणजे 'एंटर्ड द रूम' पुरे. करार करताना मात्र 'एंटर इंटू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट' बरोबर आहे, तो 'इंटू' खोडू नका.

'एक्सप्लेन'चं कारण वेगळं आहे. 'मला सांग', 'मला दे', 'मला पाठव', 'मला समजाव' या सगळ्यांना आपल्याकडे एकच 'मला' पुरतो. इंग्रजीत 'टेल मी', 'गिव्ह मी', 'सेंड मी' हे जुने, घरातले शब्द; त्यांना व्यक्ती थेट जोडता येते. 'एक्सप्लेन', 'डिस्क्राइब', 'सजेस्ट', 'अनाउन्स' ही लॅटिन-फ्रेंच वळणाची मंडळी, आणि ती बहुतेक 'टू' मागतात. 'प्रॉमिस' त्याच वळणाचं असूनही 'प्रॉमिस मी' चालतं, म्हणून याला नियम न म्हणता कल म्हणावं. पण लिहिताना हा कल फार उपयोगी पडतो.

कधी उलटही होतं. मराठीत 'माझं ऐक' म्हणतात, तिथे '-ला' नाही की '-कडे' नाही, म्हणून 'लिसन मी' कानावर येतं. हवं असतं 'लिसन टू मी'. 'माझ्यावर रागावला'चं 'अँग्री ऑन मी' होतं, तिथे 'विथ' हवा. देवावर विश्वास ठेवतो तो आपण, इंग्रज 'इन गॉड' ठेवतो. 'मला हसले' म्हणजे 'लाफ्ड अ‍ॅट मी'. इथे मात्र कारण शोधत बसण्यात अर्थ नाही, जोडी पाठच करावी लागते.

अशा पाठांतराचा कंटाळा येत असेल तर आपल्या शेजारच्या भाषेकडे बघा. आपण कुत्र्याला घाबरतो, हिंदीत 'कुत्ते से' डरतात, इंग्रजीत 'अफ्रेड ऑफ डॉग्ज'. आपण म्हणतो 'मला भेट', हिंदीत 'मुझसे मिलो'. भीती तीच, भेट तीच, तरी प्रत्येक क्रियापदाने आपापला सोबती निवडलेला. यात कुणाचं तर्काला धरून आणि कुणाचं चूक, असं काही नाही. आणि हल्ली 'मला मदत कर'ऐवजी 'माझी मदत कर' ऐकलं की कानाला जसं टोचतं, तसंच 'डिस्कस अबाऊट' वाचून तुमच्या साहेबांना टोचलं असणार. अर्थ दोन्हीकडे पोचतो. बोलण्यात कुणी 'डिस्कस अबाऊट' म्हणालं तर मी टोकणार नाही. भारताबाहेर, सिंगापूर-नायजेरियातही तो चांगलाच रुळलाय. मेल, अर्ज, परीक्षेचा पेपर इथे मात्र टाळा.

काही क्रियापदांचा तर अर्थच सोबत्यावर ठरतो. 'लुक अ‍ॅट', 'लुक फॉर', 'लुक आफ्टर' यांची धास्ती घेणाऱ्यांनी आपलं 'बघणे' आठवावं. फळ्याकडे बघ. ताईसाठी स्थळ बघतायत. मी कामावर गेले की बाळाकडे सासूबाई बघतात. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात तर '-कडे'सुद्धा तोच आहे, आणि तरी मराठी मुलाला तो कुणी समजावून द्यावा लागत नाही, कारण त्याने 'बघणे' सुटं शिकलेलंच नसतं.

म्हणून वहीत 'डिस्कस म्हणजे चर्चा करणे' असं लिहू नका, 'डिस्कस समथिंग' लिहा. 'एक्सप्लेन समथिंग टू समबडी' लिहा. शब्दकोशात अर्थ बघून पान मिटू नका, खालची उदाहरणं वाचा. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांना शिकणाऱ्यांची हीच अडचण दिसली होती. क्रियापद कुठल्या रचनेत बसतं हे दाखवणारा कोश त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केला, तो १९४२ मध्ये तोक्योत निघाला. आजचा ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स कोश त्याचाच वंशज आहे.

आता तुमची वाक्यं: 'वी डिस्कस्ड द डिले अँड आय रिक्वेस्टेड टू मोअर डेज. प्लीज एक्सप्लेन द न्यू प्रोसेस टू मी.' रोजच्या मेलला 'रिक्वेस्टेड' जरा जड वाटतं. मी 'आस्क्ड फॉर टू मोअर डेज' लिहीन. तिथे 'फॉर' ठेवायचाच, कारण नुसतं 'आस्क' म्हणजे विचारणे आणि 'आस्क फॉर' म्हणजे मागणे.